बॉलवाल्याला पाडलं कुणी, ते आधी बघ

पत्र

काका, नमस्कार. मी चौदाव्या वर्षी साताऱ्याहून आईबाबांबरोबर न्यू जर्सीत आलो. अंगाने दणकट म्हणून नववीतच शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात ओढला गेलो आणि चार वर्षं गार्ड म्हणून, म्हणजे पुढच्या रांगेत समोरच्यांना अडवायला, खेळलो. आता एका हायस्कुलात गणित शिकवतो. यंदा मुख्य कोचनी नववीच्या मुलांच्या, म्हणजे फ्रेशमन संघाच्या ऑफेन्सची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. सामन्यात प्ले, म्हणजे पुढची चाल, मीच सांगतो.

उन्हाळाभर बसून मी व्हार्सिटीच्या, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाच्या, प्लेबुकातून 84 प्लेंची कॉल शीट, म्हणजे कधी कुठला प्ले सांगायचा याचा तक्ता, तयार केली. कितवा डाउन, किती यार्ड हवेत, मैदानात कुठे आहोत, सगळ्याचे रकाने आहेत. तरी पहिले तिन्ही सामने हरलो. स्नॅपला, म्हणजे प्ले सुरू करायला, उशीर होऊन पेनल्टी लागते. तिसऱ्या डाउनला आठ-दहा यार्ड उरलेलेच असतात, मग पास टाकायला जावं तर तो टाकणारा क्वार्टरबॅक आपटतो. तो आता माझ्या नजरेला नजर देत नाही. चौथ्या डाउनला पंट मारायचा की खेळायचं, यावरून दुसऱ्या सहायक कोचशी माझी खटपट होते; मी पंट न मारणाऱ्या पुलास्की अकॅडमीचा दाखला देतो. गॅलरीतून एक वडील प्रत्येक प्लेला ओरडतात ते वेगळंच. माझं प्ले निवडणं चुकतंय का? एखादा ट्रिक प्ले, म्हणजे फसवा प्ले, घालू का? याहून चांगले प्ले कुठे मिळतील?

— एडिसनजवळचा मास्तर

उत्तर

प्रिय मास्तर,

तुझं पत्र वाचलं आणि सोबत पाठवलेला तिसऱ्या सामन्याचा व्हिडिओही शेवटपर्यंत पाहिला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आणखी प्ले शोधू नकोस. आहेत त्यातलेच बहुतेक काढून टाक. तू सांगितलेला एकही प्ले कागदावर चुकीचा नव्हता. पण चौदा वर्षांच्या पोरांना 84 प्ले येत नाहीत, आणि जो प्ले त्यांना येत नाही तो तू कितीही अचूक वेळी सांगितलास तरी मैदानात तो तसा घडत नाही.

ज्या वाचकांच्या घरात हा खेळ अजून शिरलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ज्या संघाकडे बॉल तो ऑफेन्स. त्याने चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, 10 यार्ड पुढे सरकायचं. सरकला तर नवे चार डाउन मिळतात. नाही सरकला तर बॉल समोरच्यांचा, आणि तोही जिथे अडला तिथूनच. म्हणून चौथ्या डाउनला बहुतेक संघ बॉल पायाने लांब मारून समोरच्यांना मागे रेटतात, तो पंट. प्रत्येक डाउनमध्ये अकराही जणांनी काय करायचं हे आधी ठरलेलं असतं, तो प्ले. तो बाजूच्या रेषेवरून ठरवायचा आणि वेळेत आत पोचवायचा, हे आपल्या मास्तरांचं काम. ऑफेन्सची पुढची रांग म्हणजे लाइन: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, मग टॅकल, टोकाला टाइट एंड. सेंटर बॉल मागे क्वार्टरबॅकला देतो, तो स्नॅप. हाफबॅक, फुलबॅक आणि विंगबॅक हे मागून पळणारे. अडवणारा संघ तो डिफेन्स: पुढे लाइनमन आणि कडेला एंड, त्यांच्या मागे लाइनबॅकर, बाहेर कॉर्नर, सगळ्यांच्या मागे सेफ्टी. मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, बॉल नेला की टचडाउन.

आता तुझ्या व्हिडिओकडे येतो. त्या सामन्यात तुमच्या ऑफेन्सने 41 प्ले खेळले. त्यातले 29 वेगवेगळे होते. म्हणजे तुझ्या मुलांनी बऱ्याचशा गोष्टी संध्याकाळभरात एकेकदाच केल्या. एकदाच केलेल्या गोष्टीतून मूल काही शिकत नाही, आणि तो प्ले चालतो की नाही हे तुलाही कळत नाही. पहिल्या क्वार्टरमधला उजवीकडचा स्वीप, म्हणजे बॉल घेऊन कडेने पळण्याचा प्ले, आठव. सात यार्ड मिळाले. पुढचा स्वीप तू थेट चौथ्या क्वार्टरमध्ये सांगितलास. जे चाललं होतं ते तू होऊन थांबवलंस, समोरच्यांना ते थांबवण्याची गरजच पडली नाही.

त्याच स्वीपवर तुझ्या डाव्या गार्डकडे बघ, तूही गार्डच होतास. स्नॅप झाल्यावर तो आधी सरळ उभा राहतो, मान वळवून उजव्या गार्डकडे बघतो आणि मग पळायला लागतो. अर्धं पाऊल तिथेच गेलं. त्याला पळता येत नाही असं नाही, पाच प्लेनंतर त्याच सामन्यात तो कसा सुसाट सुटलाय बघ. त्याला फक्त खात्री नाही. हडलमध्ये, म्हणजे प्लेआधीच्या घोळक्यात, आठ शब्दांचं लांबलचक नाव ऐकून तो रेषेवर आला, त्यातले कुठले शब्द आपल्यासाठी होते हे आठवेपर्यंत बॉल निघाला. ऑफेन्सला एकच गोष्ट फुकट मिळालेली असते: स्नॅप कधी होणार हे आपल्याला ठाऊक असतं आणि समोरच्याला नसतं. विचार करणारा लाइनमन ती गोष्ट परत करून टाकतो.

थोड्या प्लेंनी काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण हायस्कुलातलंच आहे. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्ड गावची डी ला साल शाळा 1992 पासून 2004 पर्यंत ओळीने 151 सामने जिंकली. कोच बॉब लाडुसर. त्यांचा ऑफेन्स स्प्लिट-बॅक व्हीर, म्हणजे तेव्हाच बहुतेकांनी जुनाट म्हणून सोडून दिलेली पद्धत. समोरच्यांना तो ऑफेन्स तोंडपाठ असायचा. पण सगळी लाइन एका क्षणात, एकाच उंचीवर, एकाच पावलाने सुटायची, आणि ते पाऊल त्यांनी रोज घोटलेलं असायचं. ती मालिका 2004 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेल्व्ह्यू हायस्कूलने मोडली, 39-20 अशा फरकाने. बेल्व्ह्यूचा ऑफेन्स कुठला? विंग-टी. तोही जुना, तोही धावण्यावरचा, आणि तुझ्या शाळेची व्हार्सिटी खेळते तोच. हे तुझं नशीब समज. शेजारच्या डेलावेर विद्यापीठात डेव्ह नेल्सन यांनी ही पद्धत रुजवली आणि त्यांच्यामागून आलेल्या टबी रेमंड यांनी तिच्या जोरावर 300 सामने जिंकले. तिचं वैशिष्ट्य असं की तिच्यात सुटे प्ले नसतात, एका प्लेच्या पोटात दुसरा असतो. तुझ्या शीटवर मात्र ते 84 वेगवेगळ्या रकान्यांत विखुरले आहेत.

तू गणिताचा माणूस. डाउन, अंतर आणि जागा दिली की त्यावरून उत्तर काढायची तुला सवय. पण सामन्यात उत्तर त्या तीन आकड्यांत नसतं. ते समोरच्या अकरा पोरांत असतं. प्रत्येक प्ले संपला की स्वतःला एकच प्रश्न विचार: आपल्या बॉलवाल्याला पाडलं कुणी? किती यार्ड मिळाले हा प्रश्न त्याच्या नंतरचा. दोन यार्डच मिळाले, पण पाडलं ते ज्याला कुणी अडवायचंच नव्हतं अशा लांबच्या सेफ्टीने, तर तो प्ले चांगला आहे, एका ब्लॉकपुरता अडलाय. पुन्हा सांग. आठ यार्ड मिळाले, पण आपल्या टाइट एंडने सोडलेला माणूस घसरून पडला म्हणून मिळाले, तर पुढच्या वेळी तो घसरणार नाही.

हे तुझ्याच स्वीपवर लावून बघू. उजवीकडचा बक स्वीप. विंगबॅक, टाइट एंड आणि उजवा टॅकल तिघेही आतल्या बाजूच्या माणसावर ब्लॉक करतात, म्हणजे भिंत आत ढकलली जाते. दोन्ही गार्ड रेषेतून सुटून उजवीकडे पळतात. पहिला बाहेरून येणाऱ्या कॉर्नरला बाहेरच रेटतो, दुसरा त्या फटीतून वर वळून लाइनबॅकर गाठतो. फुलबॅक मध्ये घुसल्याचं सोंग करून डाव्या गार्डची रिकामी जागा बुजवतो. हाफबॅक बॉल घेऊन गार्डच्या मागून. आणि क्वार्टरबॅक बॉल देऊन झाल्यावर हात कमरेशी लपवून उलट्या दिशेला, डावीकडे पळत राहतो. प्रत्येक वेळी. बॉल नसतानाही. तुझा क्वार्टरबॅक बॉल दिला की उभा राहून बघत बसतो. हे पहिलं बदल, त्याला काही लागत नाही.

आता, पाडलं कुणी? मधल्या लाइनबॅकरने, गार्डच्या मागोमाग उजवीकडे धावत येऊन? व्हिडिओत तुमच्या दोन स्वीपांवर नेमकं हेच झालंय. तो पोरगा गार्डवर डोळा ठेवून आहे, त्यांचे पाय हलले की निघतो. मग मधली जागा मोकळी पडते, ट्रॅप सांग. सुरुवात तीच दिसते, पण बॉल फुलबॅककडे जातो, आणि एक गार्ड सेंटरच्या पलीकडच्या, मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या लाइनमनला बाजूने धडकतो. लाइनबॅकर त्याच्या सवयीने उजवीकडे निघालेला असतो. दोन ट्रॅप लागले की तो पाय रोवून उभा राहील, मग स्वीप पुन्हा उघडतो.

पाडणारा डावीकडचा, मागून पाठलाग करत आलेला डिफेन्सिव्ह एंड असेल तर? तर त्याने आपली जागा सोडली आहे. वॅगल सांग. स्वीपचंच सोंग, पण बॉल क्वार्टरबॅकच्या कमरेशी आणि तो डावीकडे, जिथून एंड आत्ताच निघून गेला. गार्ड या वेळी सोंगाच्या उलट, क्वार्टरबॅकच्या पुढे धावतात. फुलबॅक सोंग संपवून फ्लॅटमध्ये, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागेत, सरकतो, टाइट एंड मैदान ओलांडून येतो. क्वार्टरबॅकने बघायचं फक्त एवढंच: फुलबॅक मोकळा असेल तर त्याला दे, नाहीतर टाइट एंड, तोही नसेल तर पळ. चौदा वर्षांच्या मुलाला एवढे तीन निर्णय पुरतात, आणि तिन्ही त्याच्या डोळ्यांसमोर एकाच बाजूला असतात. उभ्या उभ्या सगळं मैदान चाळणाऱ्या पासपेक्षा हा पास त्याला कितीतरी सोपा.

आणि पाडणारा कॉर्नर असेल, स्नॅप होताच वर चढून येणारा, तर त्याच्या पाठीमागे कुणी नाही. विंगबॅकने ब्लॉकचं एक पाऊल दाखवून त्याच्यामागे निसटायचं आणि हाफबॅककडून किंवा क्वार्टरबॅककडून छोटा पास घ्यायचा. हा प्ले सामन्यात दोनदाच, पण पहिल्या क्वार्टरमध्ये एकदा नक्की. पास पडला तरी हरकत नाही, त्या कॉर्नरचे पाय पुढचा अर्धा तास जड राहतात.

चार प्ले झाले. त्यांची डावीकडची आरशातली रूपं धरली की आठ. त्यात एक सरळ घुसण्याचा वेज घाल, एक-दोन यार्ड हवे असतील तेव्हासाठी, आणि तुझ्या क्वार्टरबॅकच्या आवडीचा एखादा झटपट पास. बाकी 70-75 प्ले मुख्य कोचना दाखवून सरळ बाजूला ठेव. ते कुरकुरतील की व्हार्सिटीला गेल्यावर मुलांना सगळं यायला हवं. त्यांना सांग की नावं, आकडे आणि गार्डची पावलं व्हार्सिटीचीच राहतील. दहावीत गेलेल्या मुलाला बक स्वीप झोपेतही येत असेल तर बाकीचं महिन्याभरात बसतं. विविधता हवीच असेल तर रचनेत आण, विंगबॅक कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी पास झेलणारा एक रिसीव्हर लांब. डिफेन्सला ते नवं दिसतं, आपल्या लाइनमनचं काम मात्र तेच राहतं.

टीव्हीवर रविवारी बघितलेले प्ले शाळेच्या मैदानावर का बसत नाहीत याचं एक साधं कारण मैदानावरच आखलेलं असतं. मैदान 160 फूट रुंद. हायस्कुलात हॅशच्या दोन रेषा (प्ले सुरू करायला बॉल यांच्या दरम्यानच ठेवतात) त्याचे तीन सारखे भाग करतात, प्रत्येक भाग 53 फूट 4 इंच. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, त्याच दोन रेषांमध्ये जेमतेम साडेअठरा फूट अंतर असतं, म्हणजे तिथे बॉल जवळजवळ मध्यावरच ठेवला जातो. तुमच्याकडे बॉल डाव्या हॅशवर आला की उजवीकडे 106 फुटांहून जास्त मोकळं रान आणि डावीकडे त्याच्या निम्मं. रुंद बाजूच्या कडेला पास टाकायचा तर बॉल हवेत इतका वेळ राहतो की चौदा वर्षांच्या हातातून निघालेला पास कॉर्नर चालत येऊन अडवेल. तिसऱ्या क्वार्टरमधला तुमचा इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी झेललेला पास, असाच गेला. उलट, त्याच रुंद बाजूला स्वीप सांगितला की डिफेन्सला प्रत्येक माणसामागे जास्त जमीन राखावी लागते. म्हणून शीटवर डाउन-अंतराच्या रकान्यांऐवजी तीनच रकाने कर: डावा हॅश, मध्य, उजवा हॅश. स्वीप रुंदीकडे, वॅगल बहुतेक अरुंदीकडे, छोटे पास अरुंदीकडे. पहिल्या दिवसापासून फरक जाणवेल.

प्ले आत पोचवण्याबद्दल. हायस्कुलात 2019 पासून 40 सेकंदांचं प्ले क्लॉक आहे. आधीचा प्ले संपला की ते सुरू होतं. तू शीटवर बोट फिरवतोस त्यातच पंधरा-वीस सेकंद जातात, आणि मग मुलं रेषेवर धापा टाकत येतात. पॉल ब्राउन यांचं नाव तू ऐकलं असशीलच. ओहायोतल्या मॅसिलॉनच्या वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये त्यांनी 1932 ते 1940 या काळात 80 सामने जिंकले, फक्त 8 हरले आणि 2 बरोबरीत सुटले. पुढे क्लीव्हलंड ब्राउन्स या व्यावसायिक संघात ते दोन गार्ड आलटून पालटून आत पाठवत आणि प्रत्येकाच्या तोंडी पुढचा प्ले देत. फ्रेशमन संघाला ही युक्ती फार उपयोगी. तीन गार्ड फिरते ठेव, एक नेहमी तुझ्या शेजारी. प्ले त्याच्या कानात सांगायचा, त्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि धावत आत जायचं. बाकावर बसणाऱ्या एका मुलाला निम्म्याहून जास्त सामना खेळायला मिळतो, आणि सर्वांत कठीण पावलं ज्याची आहेत त्या गार्डलाच प्ले सगळ्यांच्या आधी कळतो. तुझ्या डाव्या गार्डचं ते अर्धं पाऊल इथे भरून येईल.

सामन्याचे पहिले आठ-दहा प्ले आदल्या आठवड्यातच लिहून ठेव. बिल वॉल्श यांची ही सवय प्रसिद्ध आहे. सॅन फ्रान्सिस्कोत सुपर बोल जिंकण्याच्या कितीतरी आधी ते फ्रीमॉन्टच्या एका हायस्कुलात कोच होते. यादीचा हेतू पहिल्या पझेशनमध्ये, म्हणजे बॉल हाती असलेल्या पहिल्या पाळीत, टचडाउन मिळवणं नव्हे. आपण विंगबॅक उजवीकडे ठेवला तर ते कसे सरकतात, हाफबॅकने मोशन घेतली, म्हणजे स्नॅपआधीच बाजूला धावला, तर कोण मागे जातं, हे सगळं कळून घेणं हा हेतू. यादी मुलांना गुरुवारीच दे. सामना सुरू होताना पहिला प्ले काय आहे हे माहीत असलेलं मूल वेगळंच उभं राहतं.

आता चौथ्या डाउनचा वाद. या बाबतीत मी तुझ्या बाजूचा आहे, पण तुझ्या कारणासाठी नाही. तू आर्कान्सातल्या लिटल रॉकच्या पुलास्की अकॅडमीचं नाव घेतलंस. तिथे केव्हिन केली 2003 ते 2020 मुख्य कोच होते, पंट जवळजवळ कधीच मारला नाही आणि राज्याची 9 विजेतेपदं मिळवली. एनएफएलचे संघ गरजेपेक्षा फार जास्त पंट मारतात, हे बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी 2006 मध्ये छापलेल्या अभ्यासात मांडलं होतं, तेही तुला माहीत आहे. पण केली 2021 मध्ये प्रेस्बिटेरियन कॉलेजला गेले आणि तिथे 2 सामने जिंकून 9 हरले. पंट न मारणं हे त्यांच्या शाळेत वर्षानुवर्षं बांधलेल्या ऑफेन्सचं एक टोक होतं. फक्त ते टोक उचलून चालत नाही.

तुला त्यातून घेण्यासारखं आहे ते तिसऱ्या डाउनचं. तीन डाउनमध्ये 10 यार्ड काढायचे तर प्रत्येक डाउनला 3.3 यार्ड लागतात. चारही वापरायचे ठरवले तर अडीच. तुझा स्वीप आणि ट्रॅप अडीच यार्ड देतात, मी मोजलेत. म्हणजे तिसऱ्या डाउनला पाच यार्ड हवे असले तरी तू बिनधास्त ट्रॅप सांगू शकतोस, कारण चौथा डाउन हाताशी आहे. त्या क्षणी क्वार्टरबॅकला मागे उभं करून आपटवून घ्यायची वेळ येत नाही. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा चौथ्याला खेळायचं हे तिसऱ्याच्या आधी ठरलेलं असतं. तिसरा डाउन फसल्यावर बाजूच्या रेषेवर जो वाद होतो तो वीस सेकंद खातो आणि मुलांना दिसतो. म्हणून बुधवारी तिघं कोच बसा आणि लिहून काढा. स्वतःच्या 30 यार्डच्या आत असाल तर पंट. मध्यरेषेच्या आसपास तीन यार्ड किंवा कमी हवे असतील तर खेळायचं. समोरच्यांच्या 35 च्या आत तर जवळजवळ नेहमीच खेळायचं, कारण 25 यार्डवरून फील्ड गोलसाठी खांबांमधून किक मारायची म्हणजे एंड झोन आणि स्नॅपचं अंतर धरून 42 यार्ड, आणि नववीतल्या पायाला ते झेपत नाही. टचडाउननंतर किक खात्रीची नसेल तर तीन यार्डवरून दोन गुणांसाठी जा, वेज आणि वॅगल दोन्ही तिथे उत्तम चालतात. मुख्य कोचची सही घ्या आणि मग सामन्यात त्यावर कुणी बोलायचं नाही.

ट्रिक प्लेबद्दल तू शेवटी ओझरतं लिहिलंयस. एक ठेव, मुलांना मजा येते. त्याहून जास्त वेळ घालवू नकोस.

सरावाच्या वेळेचं गणित मात्र नीट कर. न्यू जर्सीत 2019 पासून हंगामात पूर्ण धडकीचा सराव आठवड्याला फक्त 15 मिनिटं करता येतो. पूर्वी 90 मिनिटं चालायचा. डोक्याला होणाऱ्या इजा आपण सगळ्यांनी जवळून पाहिल्यात, मला हा नियम मनापासून पटतो. पण त्याचा अर्थ असा की खरीखुरी धडक तुझ्या मुलांना आठवड्यात मोजून दहा-बारा वेळाच मिळणार. त्या 15 मिनिटांत नवा प्ले आणू नकोस. फक्त स्वीप, ट्रॅप, वॅगल, समोर व्हार्सिटीतून आणलेला एखादा समजूतदार लाइनबॅकर. बाकी दिवस पावलं. गार्डच्या सुटण्याच्या जागेवर जमिनीत पांढरी पट्टी आख आणि पहिलं पाऊल त्या पट्टीवर पडतं का बघ. धडक न देता असा सराव रोज करता येतो, नियम आड येत नाही. तू स्वतः गुडघ्यावर बसून त्यांचे पाय बघ. कॉल शीटवर जो वेळ घालवत होतास तो इथे घाल.

आता तुझा क्वार्टरबॅक. पत्रात तू त्याच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्यास, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. व्हिडिओत चौथ्या क्वार्टरमध्ये तो आपटतो, उठतो, बाजूच्या रेषेकडे बघतो. तू शीटमध्ये बघत होतास. त्याने काय वाचलं असेल याचा विचार कर. प्ले तू सांगितलास, लाइन फुटली, आणि धूळ मात्र त्याच्या पाठीला लागली. या आठवड्यात त्याला गाठ, सगळ्यांसमोर नको, आणि सांग की तिसऱ्या डाउनला लांबचे पास मी सांगितले, ते तुला अवघड होते, आता आपण ते करणार नाही. मग त्याला विचार, तुला यातले कुठले तीन प्ले आवडतात? जे तीन सांगेल ते शीटच्या वर लाल पेनाने लिही. इंटरसेप्शन झाला किंवा तो जोरात आपटला की पुढचा प्ले त्या तिघांतला. तेव्हा समोरच्यांना चकवण्याचा विचार करू नकोस. आणि प्रत्येक पझेशन संपल्यावर तो बाकाकडे आला की त्याला एकच प्रश्न विचार, तुला काय दिसलं? पहिल्यांदा तो खांदे उडवेल. दुसऱ्या सामन्यात सांगेल की एंड फार आत येतोय. मैदानात तो आहे, आपण कडेला. त्याला जे दिसतं ते कुठल्याच रकान्यात सापडत नाही. बरोबर सांगितलं तर पुढच्याच प्लेला ते वापर आणि त्याला कळू दे की त्याच्या सांगण्यावरून वापरलंस.

ओरडणाऱ्या वडिलांना सामन्यात उत्तर देऊ नकोस, मान वळवूनसुद्धा बघू नकोस. सोमवारच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी फोन कर आणि त्यांच्या मुलाबद्दल बोल, प्लेबद्दल नाही. तो कुठली पावलं चांगली टाकतो, कुठली शिकतोय हे सांग. बहुतेक आईबाप आपल्या पोराकडे कुणाचं लक्ष आहे की नाही या धास्तीने ओरडतात. तरीही थांबले नाहीत तर ते काम शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरचं आहे, तुझं नाही.

मुख्य कोचनी तीन पराभवांनंतरही काम तुझ्याकडेच ठेवलंय, तेव्हा कमी केलेली शीट त्यांच्यापुढे ठेवताना बिचकू नकोस. पुढच्या सामन्याचा व्हिडिओ पाठव, पण या वेळी कॅमेरा एंड झोनच्या मागे आणि उंचावर लाव. बाजूने काढलेल्या चित्रात गार्ड एकमेकांआड जातात, मला त्यांची पहिली पावलं बघायची आहेत.

— काका